सांबाराची जुडी

ड्राय क्रीक म्हणजे कोरडा ओढा. नाव ठेवणाऱ्याने निदान फसवलं तरी नव्हतं. नेव्हाडाच्या वाळवंटात एक रस्ता, एक गॅस स्टेशन, एक पोस्ट, एक दुकान आणि एक दवाखाना, संपलं गाव. त्या दवाखान्याचा एकुलता एक डॉक्टर म्हणजे आपल्या नागपूरचा अरुण पांढरीपांडे, आणि त्याची बायको मृणालिनी हिची ही गोष्ट.

नियमच असा की शिकायला आलेल्या परदेशी डॉक्टरला इथे राहायचं असेल, तर जिथे दुसरा डॉक्टर पाय ठेवत नाही अशा गावात त्याने तीन वर्षं काढायची. अरुणने ती काम करून काढली. आणि हिने? रसायनशास्त्रातली एम.एस्सी., कॉलेजात शिकवलेली बाई, आणि व्हिसा असा की नोकरी करायला बंदी! सकाळी तो गेला की घरात ही, आणि दाराबाहेर वाळू अन् वारा. दारात दुसरी गाडी होती, गाडीत गॅस होता, पण जायला गाव तर हवं ना! पहिला सिग्नल नव्वद मैलांवर. पहिलं वर्ष ती रडली. दुसरं वर्ष चिडली. तिसऱ्या वर्षी तिने न्यू जर्सीतल्या एका विद्यापीठात पीएचडीसाठी अर्ज केला आणि प्रवेश मिळालासुद्धा, सप्टेंबर २००६चा. अरुणची तीन वर्षं जूनमध्ये संपत होती. "झकास! जूनमध्ये निघूच," तो म्हणाला होता. ते पत्र तिने फ्रिजवर लावलं आणि येता-जाता त्याच्याकडे बघून दिवस ढकलायला लागली.

एप्रिलमध्ये न्यू जर्सीतल्या पार्सिपनीची जुनी शेजारीण आसावरी आणि तिचा नवरा यतीन लास व्हेगासला फिरायला आले. चार तास ड्राइव्ह करून भेटून जातो म्हणाले. तीन वर्षांत पहिले पाहुणे! मृणालिनीने फोनवर एकच मागणं मागितलं.

"येताना इंडियन स्टोअरमधून सांबार आण गं. भरपूर आण. वड्या करायच्यात."

"डन!" आसावरी म्हणाली.

मृणालिनीने पहाटे उठून खोबरं-खसखस भाजली, बेसन भिजवलं. दुपारी पाहुणे आले आणि आसावरीने मोठ्या ऐटीत पिशवी टेबलावर उपडी केली. सांबार मसाल्याची दहा पाकिटं!

"अगं बाई! हे काय?"

"तूच म्हणालीस ना, वड्यांसाठी सांबार? मला वाटलं मेदूवडे करतेयस."

"अगं, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर!"

"मग कोथिंबीर म्हणावं ना माणसाने! आम्हा पुणेकरांना काय स्वप्न पडतं?"

हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं ती या घरात कधी हसलीच नव्हती. वड्यांत शेवटी बटाटा भरला.

जेवताना यतीनने विचारलं, "मग काय डॉक्टर, जूनमध्ये सुटका?"

"नाही रे." अरुण ताटातच बघत होता. "अजून तीन वर्षं. परवाच साइन केलं. दुसरं कुणी यायला तयार नाही यार. म्हातारी माणसं हात धरून रडतात." मग त्याने बायकोकडे पाहिलं. "मृणाल, तुला आज सांगणारच होतो."

मृणालिनीने यतीनच्या ताटात आणखी एक वडी वाढली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. गावातली माणसं रडली की याला दिसतं! आणि घरातलं माणूस वर्षभर रडत होतं, तेव्हा कुठे होते याचे डोळे? पण पाहुण्यांसमोर काय बोलणार. ती हात धुऊन आत गेली. बाहेर आली तेव्हा हातात बॅग होती.

"आसावरी, तुमच्या गाडीत मागे जागा आहे ना?"

आसावरीने तिच्याकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली.

अरुणचा जीव भांड्यात पडला. "हो हो, जा चार दिवस. तेवढाच चेंज."

यतीनने गाडी सुरू केली. उंबऱ्यापाशी मृणालिनीने चपला घातल्या आणि लहानपणापासूनच्या सवयीने तोंडातून निघून गेलं, "येते."

"ये," अरुण म्हणाला. "आणि येताना सांबार आण. खरा!" आपल्याच विनोदावर तो हसला.

ती गाडीपर्यंत गेली. दाराला हात लावला. मग बॅग तिथेच ठेवून परत आली.

"अरुण, मघाशी चुकलं माझं."

"काय चुकलं?"

"जाते."

"अगं, असं म्हणू नये!" तो पटकन बोलून गेला. मग त्याचं लक्ष फ्रिजकडे गेलं. तिथे पत्र नव्हतं.

"माहितीये," मृणालिनी म्हणाली, आणि जाऊन गाडीत बसली.