न जळालेला फ्यूज

मी बी.ए. होऊन नोकरीची वाट बघत होतो, आणि वाट बघायला दिलदारचाचाच्या दुकानातलं बाकडं फार सोयीचं होतं. चाचा आमच्या गल्लीतला. उद्यमनगरात गाड्यांच्या वायरिंगचं त्याचं टपरीवजा दुकान होतं. हॉर्न, दिवे, डायनॅमो यांत त्याचा हात कुणी धरत नसे. बोलण्यातही नसे, पण ते वेगळं.

हंबीररावांनी गाडी घेतली ते एकाहत्तर-बहात्तर साल असेल. हंबीरराव म्हणजे शाहूपुरीतले गुळाचे बडे अडते. मुंबईच्या कुणा शेटकडून त्यांनी जुनी अमेरिकन गाडी आणली. ती त्यांच्या दुकानापुढं उभी राहिली की दोन बैलगाड्यांना रस्त्यावर थांबावं लागे. पण लांबीचं कौतुक चार दिवसांचं. खरी मजा काचांची. हँडल फिरवायचं नाही. बटण दाबलं की काच खाली, दाबलं की वर. हंबीरराव प्रत्येक चौकात गाडी थांबवायला लावत आणि चारी काचा खालीवर करत. बघणारा ओळखीचा असला तर एकदा, अनोळखी असला तर तीनदा.

आणि एक दिवस, नेमकी सुनेच्या माहेरची जयसिंगपूरची माणसं गाडीत असताना, काचा निम्म्यावर अडकल्या. वर जाईनात, खाली येईनात. गाडी तशीच आमच्या दुकानापुढं आली.

असल्या काचांची गाडी चाचानं जन्मात उघडली नव्हती. पण चेहरा असा, की रोज दोन-चार दुरुस्त केल्याशिवाय हा न्याहारीच करत नसावा. स्टेअरिंगखाली डोकं घालून त्यानं फ्यूजची पेटी शोधली. एकेक फ्यूज काढून उजेडात धरला. सगळ्यांची तार शाबूत. एकही जळलेला नाही, आणि काचा तर मेलेल्या. चाचा तसाच उताणा पडून राहिला. इतका वेळ, की मला वाटलं ह्याला डुलकी लागली. शेवटी काहीतरी केलं पाहिजे म्हणून त्यानं तेच फ्यूज परत बसवले, बटण दाबलं, आणि काच सुळकन वर गेली.

"आरं शाब्बास पठ्ठ्या!" हंबीरराव ओरडले. "काय झालंतं?"

इथं हसून गप्प बसता आलं असतं. चाचा म्हणाला, "फ्यूज ढिला हुता मालक. कुणीतरी हात लावलाय."

"कुणी?"

नाव चाचानं घेतलं नाही. पण नजरेला कुठंतरी जायला हवं होतं. ती गेली आकारामकडं.

आकाराम हा हंबीररावांचा ड्रायव्हर, उचगावचा. तान्ह्या पोराचं तोंड पुसावं तशी गाडी पुसायचा. पण गेल्याच महिन्यात बहिणीच्या लग्नाला त्यानं सुट्टी मागितली होती आणि हंबीररावांनी ती नाकारली होती. मालकांच्या डोक्यात लगेच गणित सुटलं : सुट्टी दिली नाही म्हणून हा पावण्यांसमोर आपली फजिती करतोय.

"आईची आन मालक, त्या पेटीला माझं बोट लागल्यालं न्हाय."

"मग भुतानं लावलं व्हय रं?"

त्यानंतर काचा पुन्हा पुन्हा अडकू लागल्या. दरवेळी चाचा स्टेअरिंगखाली शिरे, फ्यूज काढे, घाली, आणि थोड्या वेळानं काचा चालू. चाचाचं नाव झालं, आकारामचं गेलं. मी एकदा हळूच विचारलं, "चाचा, फ्यूज खरंच ढिला असतो काय?"

"तू बी.ए. कशात झालास?"

"मराठीत."

"मग मराठीत गप बस."

गणपतीच्या सुमाराला हंबीररावांनी आकारामला काढून टाकलं. डूख धरून गाडीत खोड्या करणारा माणूस, असा बभ्रा झाल्यावर त्याला दुसऱ्या कुणी गाडीला हात लावू दिला नाही. तो एका लांबच्या अडत्याकडं गुळाचे रवे, म्हणजे मोठाल्या ढेपा, उचलायला लागला. मानेवर पोतं आणि वर रवा, अशा थाटात तो एकदा आम्हाला दिसला. चाचानं सायकल दुसऱ्या बोळात घातली.

ड्रायव्हर बदलला, काचा बदलल्या नाहीत. आकारामनंच जाताजाता काहीतरी करून ठेवलंय, असं मालकांचं म्हणणं. नव्या ड्रायव्हरनं आठवड्यातच गाडी आणून दुकानापुढं सोडली. तो चहाला गेला आणि चाचानं पहिल्यांदाच मनापासून शोध घेतला. वीज येते का बघायचा टेस्ट लॅम्प त्यानं फ्यूजला लावला, तर पेटला. बटणाच्या वायरीला लावला, तर विझलेलाच. म्हणजे मधेच कुठंतरी वीज तुटत होती. वायर चाचपत चाचानं हात पार आत घातला आणि "या अल्ला" म्हणून बाहेर ओढला. फ्यूजच्या पेटीपासून लांब, आडोशाला, एक पत्र्याची डबी होती आणि ती चांगली तापली होती. आम्ही बघत बसलो. डबी निवली, आत टक् झालं, आणि बटण दाबताच काच हलली.

चाचानं मग मुद्दाम काचा खालीवर, खालीवर केल्या. पुन्हा बंद. पुन्हा डबी गरम.

"काचा लई खेळवल्या की ही डबी तापती आन वीज तोडती," तो म्हणाला. "निवली की आपली आपण जोडती."

"म्हणजे तुम्ही खाली पडून असायचा, तेवढ्यात ती निवायची."

"व्हय."

"आणि चौकाचौकात काचा कोण खेळवतं?"

त्यानं टेस्ट लॅम्पची वायर गुंडाळून ठेवली. मी म्हणालो, मालकांना सांगा. तो म्हणाला, सांगतो. मग सांगतो सांगतो म्हणत दिवस गेले. त्याची बायको रोशनबी मला विचारायची, "का रं, ह्यास्नी दुकानात काय झालंय? अर्धी भाकरी टाकून उठत्यात."

खंडेनवमीला हंबीररावांनी गाडीची पूजा मांडली. झेंडूच्या माळा, बॉनेटवर नारळ, अडते, हमाल, सगळी मंडळी. पूजा झाली आणि मालक म्हणाले, "आज आपल्या दिलदार मिस्त्रीला फेटा बांधायचा. त्यानं चोर पकडला म्हणून गाडी जाग्यावर हाय."

फेट्याचा पहिला वेढा डोक्यावर पडला आणि चाचानं हात वर केला. "मालक, थांबा. चोर न्हवताच."

मग त्यानं सगळं सांगितलं. मान खाली, आवाज असा बारीक की मागची मंडळी पुढं सरकली.

"म्हंजे काचा बंद पडत हुत्या त्या माझ्याच बोटानं?"

"व्हय मालक. आन आकाराम गेला त्यो माझ्या तोंडानं."

कुणीतरी खुदकन हसलं. हंबीररावांनी फेटा स्वतःच्या हातानं सोडला, गुंडाळला आणि दिवाणजीकडं दिला. "आकारामला म्हणावं, उद्यापासनं ये." मोठी माणसं माफी मागत नाहीत, निरोप धाडतात. निरोप्या अर्थात चाचाच.

"तू शिकल्याला हाईस, तू बोल," म्हणून त्यानं मलाही उचगावला ओढलं. आकाराम दारात बसला होता. मी तोंड उघडलं तसा तो म्हणाला, "तुमी गप बसा. जीभ ह्याची हुती."

चाचानं पुन्हा सगळं सांगितलं. निरोपही दिला. आकारामची बायको बनाबाई उंबऱ्यात येऊन उभी होती. ती म्हणाली, "मालक शाहूपुरीत ऱ्हातोय. आमी हितं ऱ्हातो. ह्या गल्लीतली पोरं माझ्या पोरास्नी फ्यूजचोराची पोरं म्हणत्यात."

आकाराम उठला, पायांत चपला सरकवल्या. "चल. पैल्या घरापासनं सुरू कर."

पहिल्या दारात चाचा पुटपुटला. दुसऱ्या दारात त्याला घाम फुटला. तिसऱ्या दारात अंबूबाई नावाची म्हातारी शेंगा फोडत बसली होती. तिनं कानामागं हात धरला. "मोठ्यानं बोला की पावणं, ऐकू येत न्हाय."

"आकारामनं काय केल्यालं न्हाय, म्हटलं."

"आँ? कुणी केलं?"

"मी! मी खोटं बोललो, आक्का! आकारामवर मी आळ घातला!"

दारं उघडली. बायका बाहेर आल्या, पोरं धावली. चाचा गल्लीच्या मधोमध उभा, टोपी हातात, कान लालबुंद. अंबूबाईनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "पाणी दे गं सूनबाई पावण्याला. घसा बसला बघ त्याचा."

"पाणी मागनं," आकाराम म्हणाला. "अजून पलीकडची बाजू ऱ्हायलीया."