फाटकातलं प्रदर्शन आणि परब मॅडम

अनुपमा परब आमच्या मुलुंडच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवतात. माहेर भांडुपचं, वडील गिरणीत होते. आवाज असा की कॉरिडॉरच्या या टोकाला हाक मारली तर त्या टोकाची पोरं शर्ट खोचतात. पण समोर रडवेलं पोर बसलं की तोच आवाज इतका खाली येतो की शेजारच्या टेबलावर बसून मलासुद्धा ऐकू येत नाही. पोरांचे क्लब, भांडणं, प्रेमभंग, सगळं त्यांच्याच गळ्यात.

गेल्या हिवाळ्यात प्राणिमित्र क्लबच्या मिहिरने प्रदर्शनाची परवानगी मागितली आणि मॅडमनी दिली. सोमवारी मी येऊन बघते तर फाटकापासून जिन्यापर्यंत दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे फलक. कत्तलखान्यातलं रक्त, जाळ्यात तडफडणारे मासे. शेवटच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'मासे विकणारे हातही खुनीच.'

एका मुलाचे वडील नुकतेच अपघातात गेले होते. ते रक्त बघून तो जिन्यातच बसला. पहिल्या वर्षाची श्रुतिका पार्किंगच्या बाजूने यायला लागली. तिची आई भांडुपच्या बाजारात मासे विकते, आणि कुणीतरी वर्गात विचारलं होतं, "हिच्या आईचा फोटो कुठाय?" तेव्हापासून तिने कँटीनमध्ये डबा उघडला नव्हता. त्यात बाहेरची काही पोरं येऊन फलक फाडायची धमकी देऊन गेली.

प्राचार्य नंदकिशोर सर घाबरले. "परब मॅडम, काढून टाका सगळं. विषय संपला."

"सर, धमकी आली म्हणून काढलं, तर उद्यापासून कॉलेज धमकीवालेच चालवतील."

"आणि त्या पोरांना त्रास होतोय त्याचं काय?"

"तेच बघते."

आधी त्यांनी श्रुतिकाला बोलावलं. म्हणाल्या, "समोरची भिंत तुला देते. तूही लाव फलक. तुझ्या आईबद्दल लिही."

श्रुतिका म्हणाली, "मला कुणाशी वाद घालायचा नाहीये, मॅडम. मला सरळ दारातून यायचंय आणि डबा खायचाय."

ती गेल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "पद्मजा, त्रास त्या पोरीला, आणि वर मी तिलाच कामाला लावत होते गं."

मग मिहिरची पाळी. "एकही फोटो काढून टाकायचा नाही," मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं. "पण सगळं वरच्या हॉलमध्ये न्यायचं. आत काय आहे ते दारावर स्पष्ट लिहायचं. फाटकावर जाहिरात लाव, हवी तेवढी मोठी."

मिहिर उसळला. "मॅडम, लोकांना त्रास व्हावा म्हणूनच लावलंय ना! वर कोण येणार? हे गप्प बसवणंच झालं."

"हॉलमध्ये यायचं की नाही ते माणूस ठरवतो. फाटकात त्याला ठरवता येत नाही रे, त्याला लेक्चरला जायचंच असतं. आणि तो शेवटचा फलक. ते हात कुणाचे?"

"कुणाचेच नाहीत. मी धंद्याबद्दल बोलतोय."

"आपल्याच कॉलेजात एका मुलीच्या आईचे आहेत."

मिहिरचा चेहरा उतरला. "काढू?"

"मी काढ म्हणणार नाही. तूच ठरव."

फुगलेल्या गालांनी त्याने फलक वर नेले. शेवटचा मात्र दुसऱ्या दिवशी नव्याने रंगवून आणला, 'मासे खाताना एकदा जाळ्याकडे बघा.'

त्याच दुपारी बाहेरची पोरं पुन्हा आली. मॅडम हॉलच्या दारात खुर्ची टाकून पेपर तपासत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बघायचं असेल तर रांगेत या. फाडायचं असेल तर आधी मला खुर्चीसकट उचला." त्यातली दोघं रांगेत लागली, बाकीची निघून गेली.

मॅडमनी स्वतःही सगळे फोटो बघितले. आठवडाभर त्यांच्या घरी मासे शिजले नाहीत. त्यांचे यजमान, दत्ताराम भावोजी, वैतागले. "आज पण डाळच? काय झालाहा तुका?"

फाटक मोकळं झाल्यावर श्रुतिका समोरून यायला लागली. एक दिवस कँटीनमध्ये मॅडम आपली पोळीभाजी घेऊन तिच्याशेजारी जाऊन बसल्या. श्रुतिकाने न विचारता तळलेल्या बोंबलाचा तुकडा त्यांच्या डब्याच्या झाकणात ठेवला. "आईने केलेत." मॅडमनी मला नंतर सांगितलं, क्षणभर ते जाळंच डोळ्यांसमोर आलं. पण पोरगी बघत होती. त्यांनी तो खाल्ला, आणि आवडलासुद्धा.

प्रदर्शन संपल्यावर फलक उतरवायच्या दिवशी मिहिर एकटाच राहिला. मॅडम खाली शिडी धरून उभ्या. श्रुतिका आणि तो कधी एकमेकांशी बोलले नाहीत, अजूनही बोलत नाहीत. मॅडमनी तसा आग्रहही धरला नाही.

"जेवलास का रे?"

"नाही."

त्यांनी त्याला कँटीनमध्ये नेऊन बटाटेवडे समोर ठेवले. खाता खाता त्याने विचारलं, "मॅडम, तुम्हाला माझा राग नाही आला?"

"आला ना. जाम आला. घरी भांडी आपटली मी." मग चटणीची वाटी त्याच्याकडे सरकवत म्हणाल्या, "पुढच्या वर्षी लावायचं असेल तर आधी मला सांग. सरांशी भांडायला वेळ लागतो."