संध्याकाळचा पाय

आमच्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे आक्का, माणसाच्या तोंडाआधी त्याच्या पायांकडे बघत. मी भोरातून लग्न होऊन हिर्डोशीला आले तेव्हा त्यांनी आधी पाहिल्या माझ्या निमुळत्या, उंच टाचांच्या सोनेरी चपला. एक टाच बांधावरच्या चिखलात रुतलेली, आणि मी एका पायावर बगळ्यासारखी उभी. "ही भात लावणार का बेडूक धरणार?" आक्का सगळ्यांदेखत म्हणाल्या. मला मात्र वाटत होतं, आपण फार देखण्या दिसतोय. त्या वयात अक्कल टाचेत असते, आणि माझी टाच चिखलात होती.

आक्कांचे पाय रुंद, बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी फाकलेली. बायकांची चप्पल त्यांना कधी झालीच नाही. भोरच्या बाजारात त्या थेट पुरुषांच्या चपलांपुढे बसत, तेही दिवस कलल्यावर. "सकाळचा पाय खोटं बोलतो गं. दिवसभर राबून सुजलेला पाय खरा." मग चप्पल घालून एसटी स्टँडपर्यंत चालून येत, दुकानदार मागून ओरडत राही. "वापरून मऊ पडेल," तो म्हणे. "तुझी सासू पडली का मऊ, इतक्या वर्सांत?" आक्का विचारत.

माझ्या करंगळीवर कुरूप झालं तेव्हा त्यांनी शेजारणींना बोलावून दाखवलं. "या, बघा, भोरची फॅशन पिकलीया." नंतर बाजारात नेऊन काळे, रुंद, पुरुषी सँडल माझ्या पायात घातले. "डावा मोठाय तुझा, त्याच्या मापानं घे. धाकट्याची समजूत पट्ट्यानं काढता येती." मी घरापर्यंत रडले. पाय मात्र पहिल्यांदाच गप्प होते.

पुढे आक्कांना साखर झाली. पाय बधिर झाले. एका संध्याकाळी दुकानात त्या बायकांच्या बाजूला वळल्या आणि एक सोनेरी, निमुळती चप्पल पायात कोंबली.

"आक्का, बोटं चेपत्यात तुमची."

"मला कुठं कळतंय? पयल्यांदा बसली बघ!" आणि पोरीसारख्या हसल्या.

मी ती जोडी दोनदा लपवली. दोन्ही वेळा त्यांनी हुडकून काढली. पुतणीच्या लग्नात दिवसभर मिरवल्या. घरी आल्यावर मी चपलेत हात घालून पाहिला, तर माझी बोटं लाल झाली.

जखम चिघळली, आक्कांचा पाय घोट्यापासून काढावा लागला. दवाखान्यात मी रडत भांडले, "जगाला शहाणपण शिकवलंत, आन् सोताच्या पायाला?"

"वरडू नको. जल्मभर म्हशीच्या पायानं चालले. चार दिस बाईच्या पायानं चालले, तर तुझ्या पोटात का दुखतंय?"

पुढच्या पावसाळ्याआधी त्या गेल्या.

आता साखर माझ्याकडे मुक्कामाला आलीय. चप्पल घेते ती संध्याकाळीच, पुरुषांच्या बाजूला बसून. सून लाजून दुकानाबाहेर उभी राहते. सकाळचा पाय खोटं बोलतो, म्हणून रोज उठल्यावर करंगळीला चिमटा काढून विचारते. अजून दुखते. दुखली की आक्कांना एक शिवी हासडते आणि चालायला लागते.