बाबांचा कान आणि एकशे ऐंशी रेघा

आमच्या घरी बाबांच्या कानापुढे कुणाचं काही चालत नसे. नवीन पनवेलच्या दोन खोल्यांत त्यांनी वर्षानुवर्षं पेटी शिकवली. सूर केसभर हलला तरी कपाळाला आठी. त्या उन्हाळ्यात मोठ्या तापातून उठले आणि म्हणाले, "आपल्या जुन्या रेकॉर्ड चढ्या वाजतायत." मशीन भराभर फिरलं की सूर चढतो, पण आमचा सेलवर चालणारा रेकॉर्ड प्लेअर तर नुकताच दुरुस्त होऊन आला होता. जुन्या पनवेलातल्या दुरुस्तीवाल्या चाचांनी नवा पट्टा घालून मला छातीठोकपणे सांगितलं होतं, "बेटी, स्पीड एकदम परफेक्ट." मग बाबांनी स्वतःच निकाल लावला, तापाने कान गेला. "खोटा सूर शिकवण्यापेक्षा शिकवणी बंद केलेली बरी." मला त्यांची कीव नाही, राग आला.

मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेली, म्हटलं पुरावाच आणते. सायबर कॅफेतून एक गोल छापून आणला, कडेने एकशे ऐंशी काळ्या रेघा. हा कागद फिरत्या रेकॉर्डच्या मधोमध ठेवायचा आणि ट्यूबलाइटखाली बघायचा. ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. आपल्याला ते कळत नाही, पण वेग बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. जास्त असेल तर पुढे पळतात.

दुपारी पडदे ओढले, ट्यूब लावली, रेकॉर्ड सुरू केली. रेघा ढिम्म! एक हलेल तर शपथ.

"म्हणजे मशीन बरोबर आहे," बाबा शांतपणे म्हणाले आणि विद्यार्थ्यांना नाही सांगायला फोनकडे गेले. मी बापाची बाजू मांडायला निघाले आणि त्याच्याच विरुद्ध साक्ष दिली. मला रडू आलं.

तेवढ्यात पंखा जोरात फिरू लागला आणि कोपऱ्यातल्या इन्व्हर्टरची गुणगुण थांबली. लाइट आली होती. आणि रेघा पळायला लागल्या.

लोडशेडिंग इतकं अंगवळणी पडलेलं, की ते चालू आहे हेच मी विसरले होते. आमच्या स्वस्तातल्या इन्व्हर्टरवर ट्यूब जास्त भराभर लुकलुकत होती, आणि मशीनही नेमकं तेवढंच जास्त पळत होतं. दोघे एका माळेचे मणी, म्हणून सगळं आलबेल दिसलं. लाइट येताच ट्यूब शंभरावर आली, सेलवरचं मशीन मात्र तसंच पळत राहिलं. डिप्लोमा गेला चुलीत!

"बाबा, फोन ठेवा!" मी एवढ्या जोरात ओरडले की आई लाटणं हातात घेऊनच बाहेर आली.

बाबांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. मी मशीनखालचा स्क्रू हळूहळू फिरवत रेघा बघत होते, ते नुसते ऐकत होते. रेघा मंदावल्या. आणखी मंदावल्या.

"बस," बाबा म्हणाले.

रेघा उभ्या होत्या.

त्यांनी वळून पाहिलंसुद्धा नाही. उठून पुन्हा फोन लावला. "हो, उद्या चार वाजता. आणि उशीर चालणार नाही, सांगून ठेवतो." आवाजात पूर्वीची जरब होती. ती ऐकून मला इतकं बरं वाटलं, की कागद मशीनवर फिरतोय तो फिरतच राहिला.