तेरवीच्या दिवसांतली अंडी

आई गेली त्यानंतरचे तेरा दिवस सेलूच्या घरी कुणी अंडं खाल्लं नाही. सुतक होतं. कोंबड्यांना त्याचं काही नव्हतं, त्या घालत राहिल्या. माझी भावजय ती अंडी उचलून आईसारखीच ज्वारीच्या कोठीत खुपसत राहिली. तेरवी झाली, पाहुणे पांगले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या अंगणात गेले तर खुराडं रिकामं.

"कोंबड्या कुठं गेल्या रे?"

"साडू घेऊन गेला पाहाटेच," धाकटा भाऊ दात घासता घासता म्हणाला. त्याच्या साडूचा कारंज्याला ढाबा आहे. "अंगनात फरशी टाकून राह्यलो न बाई. त्याइची घान कोन काढत बसन?"

"मले विचारलं काऊन नाई?"

"तुले काय विचारू? तू का नालवाडीहून येऊन खुराडं झाडनार होती?"

म्हणाला ते खरं होतं, म्हणून राग जास्त आला. पाच कोंबड्या आणि एक कोंबडा. काळ्या अंगावर तांबूस ठिपके, पाय पिवळे. लहानपणापासून आमच्या अंगणात तेच रूप पाहत आले. एका वर्षी मानमोडी येऊन गावभरच्या कोंबड्या गेल्या, तेव्हा आईच्या दोन वाचल्या आणि त्या दोघींवरून तिनं पुन्हा अंगण भरलं. आता ढाब्यावर गेलेल्या परत येणार नव्हत्या. त्यांचं जे उरलं होतं ते ज्वारीत होतं. मी कोठीत हात घालून चौदा अंडी काढली.

"न्या ताई," भावजय म्हणाली, "पन कोनतं कधीचं हे मले नोका विचारू."

नालवाडीत आमच्या गल्लीच्या टोकाला एक बाई थर्माकोलच्या पेटीत अंडी उबवून पिल्लं विकते. तिची एक जुनी पेटी मी महिन्याभरासाठी आणली. आत बल्ब, एक छोटा पंखा, पाण्याची वाटी. तिनं सांगितलं, दिवसातून तीनदा अंडी उलटवा, पाणी सुकू देऊ नका, एकवीस दिवसांनी पिल्लं निघतात. मी प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलनं फुली मारली, दुसऱ्या बाजूला गोल काढला आणि सोमवारी सकाळी अंडी पेटीत ठेवली.

"हे बाळंतपन हॉलमंधी काऊन?" नवऱ्यानं विचारलं. ते निवृत्त शिक्षक, दिवसभर घरीच असतात.

"आतल्या खोलीत तुमचा कूलर चालतो म्हणून."

"म्हंजे पेटी राखत मी इथं घामात बसू?"

"एकवीस दिवस बसा."

बसले. दुपारची उलटवणी तेच करायचे आणि मला ऑफिसात फोन करून सांगायचे, "तुझ्या लेकरांची कूस बदलली वो."

आठवडा झाल्यावर मोबाइलचा टॉर्च लावून अंडी पाहिली. पाचांत काही नव्हतं, ती काढली. नऊ अंड्यांत लाल शिरांचं जाळं दिसलं. ते पाहून मला बरं वाटलं होतं, एवढं कबूल करते.

मी ऑफिसात आवक-जावक सांभाळते. कुठलं पत्र कोणत्या तारखेला आलं हे मला न बघता सांगता येतं. कॅलेंडरवर रोज एक आकडा लिहीत गेले. रविवारी एकवीस आला. काही झालं नाही. सोमवारी दोन अंडी टिचली आणि संध्याकाळपर्यंत दोन पिल्लं बाहेर आली, काळी, ओली, पाय पिवळे. उरलेली सात तशीच गप्प. मंगळवारी सकाळी मी ठरवलं की पुरे झालं. सडकं अंडं पेटीत फुटलं तर निघालेली दोन पिल्लंही जातील आणि घरभर वास होईल तो वेगळाच.

"राहू दे न दोन दिवस," नवरा म्हणाला.

"दोन दिवस जास्तीचे देऊन झाले."

"तुई माय का तारीख पाहून काढे का पिल्लं?"

आई तारीख पाहत नसे, हे खरं. अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी स्वतः उठेपर्यंत तिला कुणी हलवायचं नाही, आणि ती उठल्यावर उरलेली अंडी कोमट पाण्यात सोडून पाहायची. हललं की आत जीव आहे, पुन्हा टोपलीत. मला तेव्हाही तो वेळकाढूपणा वाटायचा. मी नवऱ्याला म्हटलं, तुम्ही चहा ठेवा. सातही अंडी घेऊन घरामागच्या कचऱ्याच्या खड्ड्याशी गेले. तशीच पुरता आली असती. पण काय बिघडलं ते कळावं म्हणून फोडायला घेतली.

पहिल्यात पिल्लू पूर्ण होतं, मेलेलं. दुसरं फोडलं, त्यातलं जिवंत होतं. पोटाशी बोराएवढा पिवळा बलक अजून आत ओढला जायचा होता, शिरांतून रक्त येत होतं. त्यानं चोच उघडली, आवाज आला नाही. तळहातावर ते पाच-दहा मिनिटं टिकलं असेल. तोवर चहा झाला होता.

उरलेली पाच अंडी मी पदरात घेऊन पळत आत गेले आणि पेटीत ठेवली. ऑफिसला उशीर झाला. बुधवारी संध्याकाळी त्यांतून दोन पिल्लं निघाली. बाकीची तीन निघालीच नाहीत. ती मुळात मेलेली होती की त्या सकाळी पेटीबाहेर निवून गेली, मला सांगता येणार नाही.

पेटीवाल्या बाईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ठेवलं तो दिवस धरतच नाई ताई. चोवीस तास झाले का एक. अन् शिळं अंडं असन तर अजून एखांदा दिवस घेतेच."

मी सोमवार पहिला धरला होता. आई गेली तो दिवस पहिला धरून तेरवी काढतात, तसाच. तेरा दिवस तेच चाललं होतं, दहावा कधी, तेरावा कधी, बोटांवर मोजून. ती मोजणी संपली आणि मी त्याच बोटांवर अंडी मोजायला घेतली. माझा तेविसावा दिवस बाविसावा होता. तेरा तेरा दिवस ज्वारीत पडलेल्या अंड्याला तो उशीर नव्हताच.

चारांपैकी उशिरा निघालेल्या एकाचे पाय फाकलेले होते, ते आठवड्यात गेलं. राहिलेली तीन वाढली. तुरे फुटले, पाठीवर टोकदार पिसं आली, तेव्हा पेटीवाली बाई येऊन पाहून गेली. तिन्ही कोंबडे. कोंबडी एकही नाही. पहाटे चारपासून तिघं आरवायला लागले, शेजारच्या काकूंनी दोनदा सांगून पाहिलं. नुसत्या नरांवरून अंगण भरत नाही. नवरा तिघांना खाटकाकडे घेऊन गेला.

दोन कोंबडे शेजाऱ्यांना वाटले. रविवारी भाऊ आणि भावजय आले होते, त्यांना तिसऱ्याचा रस्सा वाढला.

"मायच्या कोंबड्यातला हाय नं हा?" भाऊ हाडूक चोखत म्हणाला. "चव लागते वो बाई. एकांदी कोंबडी ठेवाची होती ना."

"ठेवाची होती," मी म्हटलं. "तू पाच दिल्या ढाब्यावर."

तो खाली पाहून जेवत राहिला. फोडलेल्या अंड्याचं मी त्याला सांगितलं नाही. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि रश्श्याचं पातेलं माझ्यापुढं सरकवलं. सांगितलं असतं तर आईच्या कोंबड्या घालवणारे म्हणून भाऊ आणि मी एका पंगतीत बसलो असतो, आणि ते मला नको होतं. मी भावाला आणखी रस्सा वाढला.