कपाळावरचं परिवट्टम

पुजाऱ्याने माझ्या कपाळावरचं परिवट्टम सोडलं, तेव्हा नादस्वरम वाजतच होतं.

परिवट्टम म्हणजे रेशमी पट्टी. इकडे तमिळनाडूतल्या देवळांत मानाच्या माणसाच्या कपाळावरून डोक्याभोवती बांधतात. पूर्वी राजांना बांधायचे म्हणे. चेन्नईच्या गिंडी भागातल्या आमच्या कारखान्याने शेजारच्या देवळाला मंडप बांधून दिला होता. काम माझ्या देखरेखीखाली झालं, म्हणून मालकांनी मला पुढे केलं. देव माझा नव्हता. पण मान कामाचा आहे, असं मला वाटलं.

पट्टी बांधून झाली. मग आमचे हिशेबनीस काका पुजाऱ्याच्या कानाला लागले. पुजाऱ्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मागून गाठ सोडली, पट्टी बाजूला टाकली. मालकांच्या पुतण्याला नवी बांधली. मालक मंडपाच्या छताकडे बघत राहिले.

नवं शतक लागून चार-पाच वर्षं झाली होती.

काका तंजावरकडचे मराठी. कारखान्यात मराठी बोलणारे आम्ही दोघेच. मी नांदेडहून आलो, तेव्हा त्यांची जुन्या वळणाची, तमिळ हेल काढलेली मराठी ऐकून घरचं माणूस भेटल्यासारखं झालं होतं. त्यांनी गाव विचारलं. मग वडिलांचं काम. मग कुलदैवत.

‘‘आम्ही बौद्ध,’’ मी सांगून टाकलं. लपवायचं काय त्यात?

पट्टी सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाठलं. ‘‘काका, तुम्हाला कुणी विचारलं होतं?’’

‘‘मागाहून कळतं तर तमाशा झाला असता. आपल्याच माणसाने सांगितलेलं बरं.’’

आपलं माणूस. तेव्हापासून कुणी गोड बोलून गाव विचारलं, की मी सावध होतो. तिसरा प्रश्न कुठे पोचणार, ते पहिल्यालाच ओळखतो.

काही दिवसांनी मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. टेबलावर नवी पट्टी, जरीची.

‘‘मनाला लावून घेऊ नका. मी स्वतः बांधतो.’’

त्यांचे हात पुढे आले. माझी मान खाली जायला लागली. नोकरीचा विचार आला. मग लावलेली कडी दिसली.

‘‘वेण्डाम, सार.’’ नको. ‘‘सोडलं सगळ्यांसमोर. बांधणार दार लावून?’’

‘‘मग काय पाहिजे तुम्हाला?’’

‘‘देवळात चला. सगळ्यांसमोर पुजाऱ्याला विचारा, का सोडलं. मी शेजारी उभा राहतो.’’

ते गेले नाहीत. मीही नोकरी सोडली नाही. आयुधपूजेला कारखान्यात पट्ट्या बांधतात, त्या रांगेत मी नसतो. कुणी कारण विचारलं तर सांगतो. पुजाऱ्याचं, काकांचं, मालकांचं नाव घेऊन. मोठ्याने. मालक समोर असले तरी.