विमलाबाईंचा कुपोषित पोपट

दिघोरीत विमलाबाई नंदेश्वरांच्या हातचं खाल्लं नाही असा तरणा माणूस शोधून सापडायचा नाही. बाईंनी सारी हयात अंगणवाडीत काढली. मी त्यांची मदतनीस, म्हणजे खिचडी मी शिजवायची आणि नाव त्यांचं व्हायचं. याचा मला थोडा राग आहे आणि तो मी लपवत नाही. पण खरं ते खरं, मूल कितीही हट्टी असो, बाई त्याला खाऊ घालायच्याच. नाक दाबलं की तोंड उघडतं, असं लोक नुसतं म्हणतात. बाई खरोखर नाक दाबायच्या.

त्यांचा सारा विश्वास वजनकाट्यावर. काटा वर गेला की लेकरू खुशाल, खाली आला की त्याच्या आईची काही खैर नाही. "आपल्या अंगणवाडीत एकबी लेकरू कुपोषित नाई," हे वाक्य त्या प्रत्येक बैठकीत उभ्या राहून म्हणत, कोणी विचारलेलं असो वा नसो.

मग बाई निवृत्त झाल्या आणि खरी पंचाईत झाली ती परसराम भाऊंची, म्हणजे त्यांच्या नवऱ्याची. भूक लागायच्या आधीच पुढ्यात ताट येऊ लागलं. धानाच्या बांध्यांत राबून काटक झालेला माणूस, पण वर्षभरात त्याच्या शर्टाच्या गुंड्या लागेनात. मला वाटतं, त्यांची लेक प्रतिक्षा नागपुरातली नोकरी बदलून हैदराबादला निघाली आणि आपला पोपट आईकडे सोडून गेली, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद भाऊंनाच झाला असेल.

पोपट आफ्रिकेचा. अंग राखाडी, शेपटी लालभडक. पाहायला सारी आळी लोटली. शेजारचे भैय्याजी पिंजऱ्याभोवती दोन चकरा मारून म्हणाले, "हा तं पारवा आहे जी. शेपटीले कोनंतरी रंग लावून देल्ला." प्रतिक्षाने त्याचं नाव ऑस्कर ठेवलं होतं. बाईंनी त्याला भुऱ्या केलं. महिन्याभरात तो दारात येणाऱ्या प्रत्येकाला "जय भीम" करू लागला आणि लगेच पाठोपाठ बाईंच्या आवाजात दरडावू लागला, "आ कर! आ!"

बाईंना हवं ते मिळालं. सूर्यफुलाच्या बिया, भाजलेले शेंगदाणे, तुपाचा भात, असा भुऱ्याचा खुराक सुरू झाला. दर सोमवारी किराणा दुकानातल्या काट्यावर त्याचं वजन व्हायचं आणि दर सोमवारी ते वाढलेलं असायचं. "पाह्य, कसा भरला!" म्हणून बाई मला मुद्दाम बोलावून दाखवायच्या. पिसांवर तजेला नव्हता, नाकाशी काहीतरी चिकटलेलं असायचं. पण काटा वर होता ना, मग बोलणार कोण?

एका सकाळी भुऱ्या दांडीवरून धप्पकन खाली पडला. मी धावत गेले तर पाय ताठ, पंख थरथरतायत, मान मागे वळलेली. झटका ओसरला तरी त्याला दांडी धरता येईना. बाईंचा आवाज एरवी तलावाच्या पाळीपर्यंत जातो. त्या दिवशी मात्र त्या भुऱ्याशी वाकून कुजबुजत होत्या, "आ कर रे, आ."

लाखांदूरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी हात जोडले. "बाई, म्हैस असती तं मी पाह्यलं असतं. याले नागपूरले न्या." म्हणून आम्ही दोघी पिंजऱ्यावर लुगडं टाकून नागपूरच्या बसमध्ये बसलो. पवनीच्या अलीकडे लुगड्याआडून "आ कर!" ऐकू आलं आणि पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने घाबरून तोंडच मिटून घेतलं. बाईंना तेवढ्यानेही धीर आला.

पक्ष्यांच्या डॉक्टर म्हणजे रक्षा मॅडम. त्यांनी आधी इंजेक्शन दिलं, भुऱ्याची चोच उघडून आत पाहिलं, मग विचारलं, "याला काय खायला देता?" बाईंनी सारं अभिमानाने सांगितलं, अगदी तुपासकट.

मॅडम म्हणाल्या, "पक्षी कुपोषित आहे."

मी खाली बघितलं. हे वाक्य कोणीतरी एकदा बाईंना ऐकवावं, अशी माझी किती दिवसांची इच्छा होती. मला वाटलं होतं मजा येईल, पण बाईंचा चेहरा बघून ती काही आली नाही.

"मॅडम, वजन पाह्यलं का तुमी?"

"पाहिलं. जास्त आहे. त्याच्या अंगात नुसती चरबी आहे, कॅल्शियम नाही, म्हणून झटका आला. बिया-दाण्यांत अ जीवनसत्त्वही नसल्यासारखंच. तोंडात पांढरे चट्टे आलेत ते त्यामुळे." मग त्यांनी आहार समजावला. बिया-दाणे अगदी थोडे. मुंगण्याचा म्हणजे शेवग्याचा पाला, मेथी, लाल कोहळं म्हणजे तांबडा भोपळा, गाजर. पालक क्वचितच, कारण तो कॅल्शियम अंगी लागू देत नाही. चोचीने खरवडायला पिंजऱ्यात समुद्रफेस, म्हणजे माकूळ माशाचं पांढरं हाड, टांगायचा. कोवळं ऊन द्यायचं, तेही काचेआडून नाही, कारण ड जीवनसत्त्वाशिवाय कॅल्शियम जिरत नाही. मधूनमधून उकडलेलं अंडं, टरफलासकट.

"पाखराले पाखराचंच अंडं?" बाईंनी विचारलं, पण त्या आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

"हो, चालतं. आणि हे कॅल्शियमचे थेंब देतेय ते थोड्याच दिवसांसाठी. मनाने वाढवू नका, जास्त झालेलंही बाधतं. पुढे त्याने अन्नातूनच घेतलं पाहिजे. नाही खाल्लं आणि पुन्हा असा झटका आला, तर तो वाचेल असं मी सांगू शकत नाही."

परत येताना बसमध्ये बाईंनी पिंजऱ्यावरचं लुगडं सारखं केलं. मग म्हणाल्या, "रीना, गावात कोनाले सांगजो नोको." मी कोणालाच सांगितलं नाही. फक्त भैय्याजींना सांगितलं, आणि ते पुरेसं झालं.

दुसऱ्या दिवसापासून युद्ध सुरू झालं. काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेला समुद्रफेस भुऱ्याने टांगल्या टांगल्या खाली पाडला. कोहळं भिंतीवर फेकलं. मुंगण्याच्या पाल्यावर तो चक्क शिटला. नाक दाबायची सोय नव्हती, कारण ते चोचीच्या वरच असतं. बाईंनी एकदा प्रयत्न केला आणि अंगठ्याला पट्टी बांधून फिरल्या.

शेवटी मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "पोपट थव्यात खाणारा पक्षी. आपली माणसं जे खातात तेच तो खातो. त्याच्यासमोर बसून आवडीने खा."

बाईंनी ताबडतोब परसराम भाऊंना पिंजऱ्यासमोर बसवलं.

आता भाऊंना मुंगण्याची भाजी जन्मात आवडलेली नाही. "अवं, मले कायले? मी का पोपट आहो?" त्यांनी कुरकुर केली. बाई डाव घेऊन मागे उभ्या. भाऊंनी घास तोंडात टाकला, तोंड वेडंवाकडं केलं आणि बाईंची पाठ वळताच "थू" करून टाकला. भुऱ्याने हे सारं लक्ष देऊन पाहिलं. मग त्यानेही पाला चोचीत धरला, मान वाकडी केली, अगदी भाऊंच्या आवाजात "थू" म्हणाला आणि टाकून दिला. भाऊंना त्या कामावरून काढण्यात आलं.

मग मी बसले. मी चांगली मिटक्या मारत खाल्लं, पण भुऱ्याची नजर माझ्यावर नव्हतीच. बाई चुलीकडे गेल्या की तो तिकडे बघे, अंगणात गेल्या की अंगणात.

थेंब संपत आले आणि एका दुपारी त्याचे पंख पुन्हा थरथरले. एवढंसंच, पण बाईंचा धीर खचला. सकाळपासून त्या त्याच्याच मागे होत्या. "मेला तं मी प्रतिक्षाले काय सांगू वं?" म्हणाल्या आणि भिंत धरून मटकन खाली बसल्या. घेरी आली होती. पोटात अन्नाचा कण नव्हता. मी भुऱ्याला पिंजऱ्यातून काढून त्यांच्याजवळ जमिनीवर ठेवलं आणि ताट वाढून आणलं. भात, मुंगण्याचा पाला, कोहळ्याची भाजी. "आधी जेवा," असं मी ओरडूनच म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी बाईंवर ओरडले.

त्या खाऊ लागल्या आणि माझ्या लक्षात आलं की या बाईला बसून जेवताना मी कधी पाहिलेलंच नाही. अंगणवाडीत सगळी लेकरं जेवली की उभ्याउभ्या खिचडीच्या गंजाच्या तळाची खरवड. घरी भाऊंचं झालं की जे उरेल ते. भुऱ्याने तरी कुठे पाहिलं असणार? आता मात्र त्या दिवसभर धानाच्या रोवण्यावर राबून आल्यासारख्या जेवत होत्या, मोठे घास घेत, कोणाकडे न बघता.

भुऱ्या लटपटत निघाला. ताटाशी येऊन थांबला. बाईंच्या तोंडाकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, कोहळ्याची फोड उचलली आणि खाल्ली. मग दुसरी. मग पाला ओढायला लागला.

"रीना, पाह्य वं," बाई भरल्या तोंडाने म्हणाल्या. डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं, पण त्यांनी जेवण थांबवलं नाही. थांबल्या असत्या तर तोही थांबला असता.

तेवढ्यात परसराम भाऊ वावरातून आले. हातपाय धुतले, नेहमीसारखे पाटावर बसले आणि म्हणाले, "वाढ."

बाईंनी मान वर केली नाही. "थांबा जरासे," त्या म्हणाल्या. "आमचं होऊ द्या."